शंभर टक्के निकाल लावणारी माध्यमिक शाळा मुलांना खरोखर काय देते, हे पालकाने कसे तपासावे?

प्रश्न : पालक, कुर्ला नेहरूनगर

माझी मुलगी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत आठवीत शिकते. तिची शाळा आठवीपर्यंतच असल्यामुळे येत्या जूनमध्ये नववीसाठी शाळा बदलावी लागणार आहे. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर पालिकेचीच एक माध्यमिक शाळा आहे आणि रेल्वेमार्गाच्या पलीकडे एक खाजगी अनुदानित शाळा आहे. पालिकेच्या शाळेच्या फाटकावर दहावीच्या शंभर टक्के निकालाचा मोठा फलक लागलेला आहे. अनुदानित शाळेचा निकाल त्याहून थोडा कमी आहे. तरीही आमच्या वस्तीत ज्यांना परवडते ते मुलांना पलीकडच्या शाळेतच घालतात, आणि कारण विचारले तर "पालिकेची शाळा ती पालिकेचीच" याहून अधिक उत्तर कोणाकडून मिळत नाही.

मला शेजाऱ्यांच्या मतावर जायचे नाही आणि फलकावरही जायचे नाही. पालिकेकडून मिळणाऱ्या २७ शालेय वस्तू, टॅब, बेस्टचा मोफत प्रवास यांचे महत्त्व मी नाकारत नाही. आमच्यासारख्या घराला त्यांचा मोठा आधार आहे. परंतु त्या वस्तूंवरून शाळा शिकवते कशी हे कळत नाही. शाळा आपल्या मुलांच्या किती उपयोगी पडते, हे साध्या पालकाला कोणत्या कागदांवरून आणि कोणत्या प्रश्नांवरून समजू शकेल? दोन शाळांची तुलना न्याय्य रीतीने करता येते का? शाळांची नावे मी मुद्दाम लिहिलेली नाहीत, कारण उद्या दुसऱ्या कोणालाही हीच पद्धत वापरता यावी.

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, दादर

फलकावरचा आकडा बहुधा खरा असतो. तो कोणाचा आहे, हे मात्र फलकावर लिहिलेले नसते. राज्य मंडळाच्या परीक्षेला शाळेमार्फत नियमित विद्यार्थी म्हणून जी मुले बसली, त्यांपैकी किती उत्तीर्ण झाली, एवढेच ती टक्केवारी सांगते. जी मुले परीक्षेपर्यंत पोहोचलीच नाहीत, त्यांची नोंद तिच्यात कोठेही होत नाही.

मी अनुदानित शाळेत अनेक वर्षे गणित शिकवले आणि पुढे मुख्याध्यापक झालो. निकाल वाढवण्याचे जे मार्ग शिक्षकांच्या खोलीत बोलले जातात, त्यांत चांगले शिकवणे हा सर्वांत लांबचा मार्ग होय. जवळचे मार्ग दोन आहेत. पहिला नववीतून जातो. २००९ चा शिक्षणहक्क कायदा आठवीपर्यंतच्या मुलांना त्याच इयत्तेत रोखण्यापासून (पाचवी आणि आठवीचा अपवाद आता झाला आहे) आणि शाळेतून काढण्यापासून संरक्षण देतो, आणि नववीत पाऊल टाकताच ते संरक्षण संपते. त्यामुळे दहावीत अनुत्तीर्ण होण्याची शक्यता असलेल्या मुलाला नववीतच रोखणे शाळेच्या हाती राहते, आणि असे रोखलेले मूल, विशेषतः कष्टकरी वस्तीतले, पुन्हा त्याच बाकावर येऊन बसेल याची काहीही शाश्वती नसते. दुसरा मार्ग सतरा नंबरच्या अर्जाचा. हा अर्ज ज्यांची शाळा सुटली आहे अशांना बाहेरून परीक्षेला बसता यावे म्हणून आहे आणि त्या कामासाठी तो उत्तमच आहे, परंतु शाळेत शिकत असलेल्या कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून "याचे नाव काढा आणि सतरा नंबर भरा" असे सुचवले, की ते मूल शाळेच्या निकालातून अलगद बाहेर जाते. सगळ्याच शाळा असे करतात असे मी म्हणत नाही, आणि हे केवळ पालिकेच्या शाळांत घडते असे तर मुळीच नाही. निकालाच्या जाहिरातीवर जगणाऱ्या खाजगी संस्था यात अधिक तरबेज असतात.

हिशेब करून पाहा. समजा, एखाद्या शाळेत जूनमध्ये नववीला ६० मुले होती. त्यांतली १२ नववीत अनुत्तीर्ण झाली, ५ मुले मध्येच शाळा सोडून गेली आणि ६ जणांना सतरा नंबरकडे वळवले गेले. राहिलेली ३७ मुले दहावीला बसली आणि सगळी उत्तीर्ण झाली. फलकावर १०० टक्के लागेल. नववीत दाखल झालेल्या मुलांच्या हिशेबाने ती शाळा ६२ टक्क्यांच्या आसपास आहे. आता दुसरी शाळा घ्या, जिने ६० पैकी ५६ मुले परीक्षेला बसवली आणि ४८ उत्तीर्ण झाली. तिच्या नावापुढे ८६ टक्के लागेल, पण प्रवेश घेतलेल्या दर १०० मुलांमागे तिने ८० मुले पार केलेली असतील. शितावरून भाताची परीक्षा करायची आपली जुनी रीत आहे. येथे मात्र शिते आधीच निवडून ताटात वाढलेली असतात.

निकालाचा आकडा परीक्षेच्या रचनेवर किती हलतो, हेही लक्षात असू द्यावे. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला आणि २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांवर गेला. या तीन वर्षांत महाराष्ट्रातली मुले एकदम मठ्ठ आणि मग एकदम हुशार झाली नव्हती. २०१९ च्या परीक्षेत भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण काढून टाकले होते, पुढच्या वर्षी ते परत आले, आणि घसरण व उसळी या दोन्हींचे मोठे कारण तेच मानले गेले. हे अंतर्गत गुण शाळाच देते. पैकीच्या पैकी अंतर्गत गुण मिळालेल्या मुलाला भाषेत उत्तीर्ण व्हायला लेखी परीक्षेत ८० पैकी १५ गुण पुरतात. म्हणून शाळेला विचारायचेच असेल, तर अंतर्गत गुण वजा करून लेखी परीक्षेत मुलांना सरासरी किती गुण मिळाले ते विचारा. मंडळाला पाठवलेल्या अंतर्गत गुणांच्या याद्या शाळेकडे असतात, त्यामुळे ही वजाबाकी अवघड नाही.

आणखी एक. मराठी माध्यमाच्या वर्गांचे पट आता फार लहान झाले आहेत. दहावीला २८ मुले असतील, तर एका मुलाच्या पास-नापास होण्याने निकाल साडेतीन टक्क्यांनी हलतो. एका वर्षाचा आकडा घेऊन दोन शाळांची तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नाही. किमान तीन वर्षांच्या तुकड्या पाहा, आणि प्रत्येक तुकडी नववीच्या जूनपासून दहावीच्या निकालापर्यंत कशी गेली ते पाहा.

उत्तर : माहिती अधिकाराच्या अर्जांचा अनुभव असलेला, मुलुंड

वरील हिशेबासाठी लागणारे निम्मे आकडे घरबसल्या मिळतात, ही माहिती उपयोगी पडावी. देशातील प्रत्येक शाळेला यूडायसचा, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या सरकारी प्रणालीचा, ११ अंकी क्रमांक असतो. तो शाळेच्या कार्यालयात कोणीही सांगेल. यूडायस प्लसच्या संकेतस्थळावर "नो युवर स्कूल" या भागात तो क्रमांक घातला, की त्या शाळेचे अहवालपत्रक दिसते. त्यात इयत्तावार पट, शिक्षकांची संख्या, नियमित किती व कंत्राटी किती, स्वच्छतागृहे, ग्रंथालय, संगणक अशी माहिती असते. एका वर्षीचा नववीचा पट आणि त्याच्या पुढच्या वर्षीचा दहावीचा पट शेजारी शेजारी लिहा. मोठी घट दिसली, तर मुख्याध्यापकांना विचारायचा पहिला प्रश्न तुमच्या हातात आला.

या माहितीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. ती शाळेनेच भरलेली असते. शिवाय मुंबईत पालिकेच्या एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा सकाळ-दुपारच्या अधिवेशनांत भरतात, आणि त्या प्रत्येक शाळेच्या पत्रकात तीच प्रयोगशाळा आणि तेच संगणक दाखवले जाऊ शकतात. कागदावर प्रयोगशाळा "आहे" असणे आणि नववीच्या मुलीने परीक्षानळी हातात धरलेली असणे, यांत बरेच अंतर आहे.

काही लोक राष्ट्रीय सर्वेक्षणांचे दाखले देतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीची मुले होती, आणि डिसेंबर २०२४ मधील परख सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीची. ही दोन्ही सर्वेक्षणे निवडक शाळांच्या नमुन्यावर झाली असून त्यांचे निष्कर्ष जिल्हा आणि राज्य या पातळीवर वाचायचे असतात. तुमच्या शाळेबद्दल ती काही सांगू शकत नाहीत. मुलांचे वाचन आणि गणित तपासणारा असरचा अहवाल तर ग्रामीण भागापुरता असतो. प्रजा फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था दरवर्षी मुंबईतील पालिका शिक्षणावर जो अहवाल काढते, तो माहिती अधिकारातून मिळवलेल्या आकड्यांवर आधारलेला असतो आणि शहराचे चित्र समजण्यासाठी तो वाचण्यासारखा आहे, पण त्यावरूनही एका शाळेचा निवाडा करता येणार नाही.

शाळेकडे मागण्यासारखी एक गोष्ट म्हणजे शाळासिद्धीचा अहवाल. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात शाळा सात क्षेत्रांतील ४६ मानकांवर स्वतःचे मूल्यमापन करते आणि सुधारणेचा आराखडाही लिहिते. स्वतःच स्वतःला दिलेल्या श्रेणीकडे मी फारसे पाहत नाही. आराखडा मात्र लक्षपूर्वक वाचतो. "गुणवत्ता वाढवणे" अशी चार मोघम वाक्ये त्यात असतील, तर तो कोणीतरी दुसऱ्या शाळेचा उतरवून काढला आहे असे समजायला हरकत नाही. "नववीतील अमुक इतक्या मुलांना पूर्णांकांची वजाबाकी येत नाही, म्हणून रोज शेवटची तासिका" असे काही त्यात दिसले, तर त्या शाळेत कोणीतरी मुलांकडे पाहत आहे.

माहिती न मिळाल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. पालिकेच्या आणि अनुदानित, दोन्ही शाळांना तो लागू होतो. परंतु पालक म्हणून पहिल्याच भेटीत अर्ज पुढे करू नये, असे माझे मत आहे. ज्या शाळेत उद्या आपले मूल बसणार आहे, तिच्याशी भांडणाने ओळख का करून घ्यावी? तोंडी विचारा, मग लेखी पत्र द्या, आणि अर्ज शेवटी ठेवा.

उत्तर : पालिका माध्यमिक शाळेतील शिक्षिका, गोवंडी

दादरच्या सरांच्या म्हणण्यातले गणित मला मान्य आहे, पण ते गणित जसेच्या तसे आमच्या शाळांना लावले तर अन्याय होईल, म्हणून लिहीत आहे.

नववी ते दहावी पटात होणारी घट म्हणजे शाळेने मुलांना ढकलून बाहेर काढले, असा अर्थ मुंबईत लगेच काढता येत नाही. आमच्या वर्गातली कुटुंबे भाड्याच्या खोलीत राहतात आणि अकरा महिन्यांचा करार संपला की हलतात. झोपडपट्टी पुनर्वसनाचे काम सुरू झाले, की एक गल्लीच्या गल्ली संक्रमण शिबिरात जाते, आणि भाडे परवडेनासे झाले, की नालासोपारा किंवा दिवा यांसारखे दूरचे उपनगर गाठले जाते. काही मुली गावी आजीकडे पाठवल्या जातात आणि त्यामागचे कारण सांगायला घरचे कचरतात. शाळा सोडल्याचा दाखला घेऊन गेलेले मूल दुसऱ्या शाळेत दाखल झाले, तर ते गळतीत मोजता कामा नये. जे मूल आमच्या यादीतून गेले पण दुसऱ्या कोणत्याही शाळेने ज्याची नोंद आपल्याकडे ओढून घेतली नाही, त्याचे नाव यूडायसच्या ड्रॉप बॉक्समध्ये पडून राहते. खरी काळजी त्या नावांची करायला हवी. शाळेला विचारायचे असेल, तर "पट किती घटला" यापेक्षा "ड्रॉप बॉक्समध्ये किती मुले आहेत आणि त्यांच्या घरी कोण जाऊन आले" असे विचारावे. ज्या शाळेत वर्गशिक्षक वस्तीत फिरतात, तिथे या प्रश्नाचे उत्तर कागद न बघता मिळते.

दुसरा मुद्दा येणाऱ्या मुलांचा. रेल्वेमार्गापलीकडची अनुदानित शाळा नववीत नवीन मुले घेताना आठवीची गुणपत्रिका पाहते की नाही, हे मला ठाऊक नाही, पण पुष्कळ शाळा पाहतात. पालिकेची शाळा आलेल्या मुलाला परत पाठवत नाही. आमच्याकडे नववीत येणाऱ्या मुलांपैकी काहींना परिच्छेद अडखळत वाचता येतो आणि भागाकार येत नाही. अशा मुलाला दोन वर्षांत ४५ टक्क्यांपर्यंत नेणारी शिक्षिका, आणि आधीच ८० टक्क्यांचे असलेले मूल ८५ वर नेणारा शिक्षक, यांपैकी कोणी अधिक काम केले हे निकालाच्या फलकावरून कळणार नाही. म्हणून नववीच्या सुरुवातीला मुलांची पातळी तपासली होती का, तिची नोंद कोठे आहे आणि वर्षाअखेरीस तीच मुले कोठे पोहोचली, हे विचारले पाहिजे. आमच्या शाळेत ही नोंद एका साध्या वहीत आहे आणि आजवर एकाही पालकाने ती मागितलेली नाही, याचे मला वाईट वाटते.

नववी हे वर्ष इतके नाजूक का, याचे एक कारण फारसे बोलले जात नाही. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. आठवीत दुपारी खिचडी खाणारे मूल नववीत आले, की त्याच्या घरातली परिस्थिती तीच असते, पण जेवण बंद होते. शेवटच्या दोन तासिकांना डोके दुखते म्हणून बाकावर डोके टेकवणारी मुले मी दरवर्षी पाहते. काही शाळा स्थानिक मंडळांच्या मदतीने निदान दहावीच्या जादा तासांना खाण्याची सोय करतात. तुम्ही पाहत असलेल्या शाळेत अशी सोय आहे का, हा प्रश्न प्रयोगशाळेच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा मानावा.

शिक्षकांबद्दल विचारताना एकूण संख्या विचारू नका. विषयवार विचारा. गणित आणि विज्ञानाला नियमित शिक्षक आहे, की ती जागा रिकामी असून तासिका तत्त्वावर कोणी येते, की भूगोलाचे शिक्षक गणित "बघून घेतात"? निवडणूक आणि जनगणना ही कामे कायद्यानेच शिक्षकांना लावता येतात, त्यामुळे त्या कामांवर गेलेल्या शिक्षकाचा वर्ग त्या काळात कोण घेते, हेही विचारावे. मुख्याध्यापकांना या प्रश्नाचा राग येणार नाही. उलट, वरिष्ठांना सांगायला त्यांना पालकांचा आधारच मिळेल.

उत्तर : पालिका शाळेचा माजी विद्यार्थी, वडाळा

थोडक्यात लिहितो. माझ्या शाळेने मला ६८ टक्क्यांपर्यंत नेले आणि ते पुरेसे होते. अडचण निकालानंतर आली. मुंबईत अकरावीचे प्रवेश २००९ पासून ऑनलाइन आहेत, २०२५ पासून तर सगळ्या राज्यात तीच पद्धत झाली, आणि त्या अर्जात महाविद्यालयांचा पसंतीक्रम चुकीचा भरला तर चांगल्या गुणांचेही मातेरे होते. आमच्या घरात तो अर्ज समजणारे कोणी नव्हते. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीच्या, तर अनुसूचित जातींना १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे लागतात, ते गावाहून आणायला महिने जातात, आणि शाळेच्या दाखल्यावर जातीची नोंद चुकलेली असेल तर सगळेच अडते. ही तयारी नववीत सुरू करून घेणारी शाळा मुलांच्या खरोखर उपयोगी पडते, असे मी म्हणेन. तेव्हा मागच्या वर्षी दहावी झालेली मुले आज कोठे आहेत, किती अकरावीत, किती आयटीआयमध्ये आणि किती कामाला लागली, हे शाळेला माहीत आहे का ते विचारा. निकालाच्या दिवशी पेढे वाटून संबंध संपत असेल, तर तेही कळेल.

आपली मुलगी आठवीत आहे म्हणून आणखी एक गोष्ट. आठवीत एनएमएमएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा असते. तीत निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, कुटुंबाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते, आणि पुढचे शिक्षण शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतच व्हावे लागते. तुमच्या दोन्ही पर्यायांत ती चालते. तिच्या शाळेने या परीक्षेला मुले बसवली का, हीसुद्धा एक चाचणीच आहे.

प्रश्नकर्तीचे पुढील टिपण

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिल्याबद्दल आभारी आहे. दोन्ही शाळांची यूडायसची पत्रके मी पाहिली आणि दोन्ही शाळांत जाऊन आले.

पालिकेच्या शाळेत नववी ते दहावी पटात घट आहे आणि ती लहान नाही. मुख्याध्यापिकांनी मला वीस-पंचवीस मिनिटे दिली. गणिताला नियमित शिक्षिका आहेत, विज्ञानाची जागा रिकामी असून तासिका तत्त्वावर एक तरुण शिक्षक येतात, असे त्यांनी स्वतःहून सांगितले. प्रयोगशाळा उघडून दाखवली. बाकांवर धूळ नव्हती आणि फळ्यावर नववीच्या एका प्रयोगाची आकृती होती. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना मुले बसवतात, हे ऐकून माझ्या मुलीला आनंद झाला, कारण तिचा हात चांगला आहे. परंतु तुकडीचा हिशेब विचारताच त्या सावध झाल्या. मुलांची माहिती गोपनीय असते, जनरल रजिस्टर पालकांना दाखवता येत नाही, असे त्यांनी सांगितले.

अनुदानित शाळेत मला कार्यालयाच्या खिडकीपलीकडे जाता आले नाही. लिपिकाने प्रवेशअर्ज कधी मिळतील ते सांगितले आणि आठवीची दोन्ही सत्रांची गुणपत्रिका सोबत आणा, असे बजावले. गोवंडीच्या बाईंनी उपस्थित केलेल्या शंकेचे उत्तर यात मिळाले, असे मी धरून चालते. त्यांच्या पत्रकात मात्र नववी आणि दहावीचे पट जवळपास सारखे आहेत, आणि गणित-विज्ञान दोन्हींना नियमित शिक्षक असल्याचे तिथे शिकणाऱ्या मुलीच्या आईकडून कळले.

आता माझे दोन प्रश्न आहेत. गोपनीयतेचे कारण योग्य आहे का? आणि पट टिकवणारी पण निवडून मुले घेणारी शाळा, व सगळ्यांना घेणारी पण वाटेत मुले गमावणारी शाळा, यांची तुलना मी माझ्या मुलीसाठी कशी करावी?

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक, दादर

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मुख्याध्यापिकांचे म्हणणे बरोबर आहे, आणि तरीही तुमचे काम अडत नाही. रजिस्टरमध्ये मुलांची नावे, जात, जन्मतारीख असे सर्व असते. ते तुम्हाला दाखवू नये, हेच योग्य. तुम्हाला नावे नकोच आहेत. एका कोऱ्या कागदावर रकाने आखून न्या: जूनमधील नववीचा पट, दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेलेली मुले, नववीत अनुत्तीर्ण, अनुत्तीर्णांपैकी पुन्हा नववीत बसलेली, सतरा नंबर भरलेली, दहावीला नियमित बसलेली, पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण, आणि जून-जुलैच्या पुरवणी परीक्षेत उत्तीर्ण. अशा तीन तुकड्यांच्या तीन ओळी भरून मागा. शिक्षिकाबाईंचा आक्षेप मला मान्य असल्यामुळे दुसरा रकाना मुद्दाम वेगळा ठेवला आहे. ती मुले पटातून वजा करून मगच टक्केवारी काढावी. मुलीचा प्रवेश झाल्यावर तुम्ही पालक-शिक्षक संघात किंवा शाळा व्यवस्थापन व विकास समितीत गेलात, तर हाच तक्ता बैठकीच्या कार्यवृत्तात दरवर्षी यावा असा ठराव मांडता येईल. मग तो एका आईचा संशय न राहता शाळेचा रिवाज होतो.

दुसऱ्या प्रश्नात दोन निरनिराळे प्रश्न आहेत. कोणती शाळा अधिक चांगले काम करते, हा एक, आणि माझी मुलगी कोणत्या शाळेत अधिक शिकेल, हा दुसरा. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या पाहणीने दाखवले होते की मुलांच्या गुणांतल्या फरकाचा मोठा भाग शाळेपेक्षा घरच्या परिस्थितीशी जोडलेला असतो. मुले निवडून घेणाऱ्या शाळेचा निकाल वाचताना हे सतत आठवावे लागते, कारण त्यातले बरेचसे श्रेय तिने मिळवलेले नसून मुलांनी घरून आणलेले असते. तेव्हा पहिल्या प्रश्नाचा निर्णय तक्ता भरून आल्यावरच होईल. दुसऱ्यासाठी तुमच्या मुलीची आजची पातळी पाहा. तिला आठवीचे गणित येत असेल आणि घरी अभ्यासाला बसवणारे कोणी असेल, तर पालिकेच्या शाळेतून वाटेत गळणाऱ्या मुलांत तिचे नाव असण्याची शक्यता कमी आहे, आणि तिथे मिळणाऱ्या गोष्टी, म्हणजे उघडी प्रयोगशाळा, चित्रकला, चालत जाण्याचे अंतर, तिच्या पूर्ण उपयोगी पडतील. विज्ञानाची रिकामी जागा ही मला खरी उणीव वाटते. ती जूनपर्यंत भरली जाणार आहे का, हे लेखी विचारा.

उत्तर : पालिका माध्यमिक शाळेतील शिक्षिका, गोवंडी

सरांच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा, अशी विनंती आहे: नववी-दहावीच्या मुलींची महिनावार हजेरी. पट टिकलेला असतो, पण मुली महिन्यातून चार-पाच दिवस येत नाहीत, आणि त्याचे कारण पुष्कळदा स्वच्छतागृहात पाणी नसणे किंवा दाराला कडी नसणे एवढेच असते. दोन अधिवेशनांच्या इमारतीत दुपारच्या मुलींना ते कोणत्या अवस्थेत मिळते, हे सकाळी भेट देऊन कळत नाही. पुन्हा जाल, तेव्हा दुपारी तीननंतर जा आणि मुलीला सोबत न्या. आईने स्वच्छतागृह पाहायला मागितले, तर कोणतीही शाळा नाही म्हणत नाही.

विज्ञानाच्या जागेविषयी मुख्याध्यापिकांना विचारून उपयोग होणार नाही, कारण ती जागा त्यांच्या हातात नसते. लेखी पत्र विभागाच्या शिक्षण कार्यालयातील प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या नावाने द्या, प्रत शाळेला द्या, आणि शक्य झाल्यास त्यावर नववीत प्रवेश घेणाऱ्या आणखी काही पालकांच्या सह्या घ्या. हे पत्र मे महिन्याच्या सुट्टीआधी पोहोचले पाहिजे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दिलेली पत्रे दिवाळीपर्यंत नुसती फिरत राहतात.